आफ्रिकेबरोबर संशोधन भागीदारी : खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या कॉलेजांमधले प्राध्यापक, पीएचडीचे विद्यार्थी आणि अधूनमधून केळीचे बागायतदारही पूर्व आफ्रिकेतल्या विद्यापीठांबरोबर काम करण्याबद्दल विचारत असतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कुणाला एकच उत्तर हवं असेल, तर तेवढंच वाचूनही काम भागेल.

१. संशोधन भागीदारी म्हणजे नेमकं काय? सामंजस्य करार झाला की भागीदारी झाली ना?

नाही. सामंजस्य करार म्हणजे "आपण एकमेकांबरोबर काम करू इच्छितो" असं लिहून ठेवलेला कागद. त्यात सहसा पैसा नसतो, माणसं नसतात आणि तारखाही नसतात. दोन्ही बाजूंच्या माणसांनी एक ठरावीक प्रश्न हातात घेतला, कोण काय करणार आणि निघालेलं कोणाचं असेल हे लिहून काढलं, की भागीदारी सुरू झाली असं समजा. सह्या आणि शाल-श्रीफळ झाल्यावर ज्यांची फाइल पुन्हा कधी उघडलीच नाही, असे करार आपल्या भागात कमी नाहीत. म्हणून आम्ही आधी प्रश्न ठरवायला सांगतो. कराराचं नंतर बघता येतं.

२. पण आफ्रिकाच का? अमेरिका, युरोप सोडून तिकडे कशाला जायचं?

आपले बरेचसे प्रश्न तिकडे तसेच आहेत, म्हणून.

केळीचंच बघा. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात आज बहुतेक बागा ग्रँड नैनच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या जी-नाईनच्या आहेत. ही जात कॅव्हेंडिश गटातली. फ्युजॅरियम या बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगाचा टीआर-फोर हा प्रकार या गटालाही मारतो आणि एकदा जमिनीत शिरला की वर्षानुवर्षं तिथेच राहतो. आफ्रिकेत तो २०१३ साली उत्तर मोझांबिकमध्ये सापडला. आपल्या देशात बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या बागांमध्ये तो आढळला आहे. शेतात येणाऱ्याचे बूट, ट्रॅक्टरची चाकं, कंदाला चिकटलेली माती यांतून तो कसा पसरतो हे ज्यांनी आधी अनुभवलं, त्यांच्याशी बोलायला आपण आपली बाग बसेपर्यंत थांबायचं का? युगांडाला केळीची वेगळीच परंपरा आहे. तिथली मटोके ही शिजवून खायची केळी तिथल्या लोकांचं रोजचं जेवण आहे. एका शिवारात एकच जात लावली की काय होतं आणि अनेक जाती मिसळून लावल्या की काय होतं, ही तुलना मृगबाग-कांदेबाग अशा दोन हंगामांत केळी लावणाऱ्या माणसाला लगेच कळते.

दुसरा प्रश्न सिकलसेलचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर या भागांतल्या भिल्ल, पावरा आणि मावची कुटुंबांना हा आजार सांगावा लागत नाही. ज्या भागात मलेरिया फार, तिथे सिकलसेलचं जनुक टिकून राहिलं. कारण आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच ते आलेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. हे १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातूनच पुढे आलं. युगांडाने तान्ह्या बाळांच्या रक्ताची देशभर तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात १३.३ टक्के बाळं वाहक आणि ०.७ टक्के आजारी निघाली. आपल्याकडचं राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ रोजी सुरू झालं. तपासणी एवढ्या मोठ्या प्रमाणावर कशी करायची आणि नंतर त्या बाळांची काळजी कशी घ्यायची, हे शिकायला युगांडाची राजधानी कंपालाइतकी दुसरी योग्य जागा शोधून सापडणार नाही.

तिसरा प्रश्न कापसाचा. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोने २००८ मध्ये बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला कापूस, शेतात आणला आणि २०१६ मध्ये थांबवला, कारण धाग्याची लांबी कमी भरली आणि बाजारात भाव पडला. आपल्याकडे बीटी २००२ मध्ये आलं आणि पुढे गुलाबी बोंडअळी त्याला दाद देईनाशी झाली. दोघांच्या अडचणी वेगळ्या, पण तंत्रज्ञान एकच. समोरासमोर बसून बोलावं असं यात बरंच काही आहे.

३. आफ्रिका म्हणजे नेमका कोणता देश धरायचा?

आफ्रिकेत ५४ देश आहेत. "आफ्रिकेबरोबर प्रकल्प" असं शीर्षक असलेला प्रस्ताव वाचणाऱ्याला लगेच कळतं की लिहिणाऱ्याने अजून विचार केलेला नाही. प्रश्नावरून देश ठरवा. केळी आणि सिकलसेलसाठी युगांडा, कोरडवाहू शेतीसाठी केनिया किंवा टांझानिया, कापसासाठी पश्चिमेकडचे देश. पश्चिमेकडच्या अनेक देशांत विद्यापीठाचा कारभार फ्रेंचमध्ये चालतो, हेही आधीच ध्यानात घ्या.

४. आमच्या कॉलेजला थेट करार करता येईल का? सही कोण करणार?

तुमचं कॉलेज कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे त्यावर ते अवलंबून आहे. खानदेशात गोंधळ होतो तो इथेच. कला, विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालयं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे आहेत. हे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी सुरू झालं आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. कृषी महाविद्यालयं आणि जळगावचं केळी संशोधन केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात. वैद्यकीय महाविद्यालयांचं विद्यापीठ नाशिकला आहे. त्यामुळे केळीच्या रोगावर वनस्पतिशास्त्राचे आणि कृषीचे प्राध्यापक एकत्र काम करणार असतील, तर एकाच जिल्ह्यातून दोन विद्यापीठांची संमती लागते. आधी प्राचार्य, मग संस्थेचं व्यवस्थापन, मग विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय किंवा संशोधन विभाग, हा क्रम मोडू नका. एकट्या विभागप्रमुखाच्या सहीच्या कागदाला पैसे आणि नमुन्यांच्या बाबतीत काही किंमत नसते.

५. तिकडे ओळखच नाही. भागीदार शोधायचा कसा?

तुमच्या विषयावर गेल्या पाच वर्षांत तिकडे कोणी लिहिलंय ते वाचा आणि त्यांना थेट ईमेल करा. पत्र छोटं असावं: तुमचा प्रश्न, तुमच्याकडे काय आहे (शेत, रुग्ण, प्रयोगशाळा, नोंदी) आणि तुम्हाला काय हवं आहे. "आदरणीय महोदय" पासून सुरू होणारं दोन पानी पत्र कोणी वाचत नाही. सुरुवात कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठापासून करता येईल. ते १९२२ मध्ये स्थापन झालं. टांझानियातल्या मोरोगोरोचं सोकोइने कृषी विद्यापीठ आणि नैरोबी विद्यापीठ हीसुद्धा आहेत. शेतीच्या विषयांसाठी कंपालातच रुफोरम नावाचं आफ्रिकी विद्यापीठांचं जाळं आहे. त्यांच्या सभासदांची यादी हातात असली की शोध सोपा होतो.

आपल्याच देशातल्या आफ्रिका अभ्यासकांनाही विसरू नका. दिल्ली विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचा विभाग १९५५ पासून आहे, मुंबई विद्यापीठात १९७१ पासून.

६. पैसे कुठून येणार?

सुरुवातीला फार लागत नाहीत. पहिलं वर्ष ऑनलाइन बैठका, जुन्या नोंदींची देवाणघेवाण आणि एक संयुक्त लेख एवढ्यावर काढा. पुढच्या प्रस्तावात दाखवायला तुमच्याकडे काहीतरी राहील. केंद्र सरकारच्या स्पार्क आणि ज्ञान या योजना परदेशी विद्वानांबरोबरच्या कामासाठी आहेत. आफ्रिकी संशोधकांना भारतीय प्रयोगशाळेत आणण्यासाठी सी. व्ही. रामन फेलोशिप आहे. तिकडच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) शिष्यवृत्त्या आणि १९६४ पासून चालत आलेला आयटेक हा प्रशिक्षण कार्यक्रम आहे. कोणत्या वर्षी कोणती योजना उघडते ते बदलत राहतं, म्हणून मागच्या वर्षीच्या जाहिरातीवर विसंबून प्रस्ताव लिहू नका. परदेशातून पैसा येणार असेल, तर पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय एक रुपयाही स्वीकारू नका.

७. आमचं कॉलेज ट्रस्टचं आहे. तिकडून पैसे आले तर संस्थेच्या खात्यात घेता येतील का?

परदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० याखाली नोंदणी असेल किंवा त्या एका कामापुरती पूर्वपरवानगी असेल, तरच. नोंदणी असली तरी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला वाटून देता येत नाही. म्हणजे "विद्यापीठाच्या नावाने मागवू आणि आपल्या तीन कॉलेजांत वाटू" ही युक्ती चालत नाही. प्राध्यापकाच्या स्वतःच्या खात्यात प्रकल्पाचे पैसे मागवणं तर मुळीच करू नका.

८. केळीच्या आजारी पानाचा किंवा मातीचा नमुना तिकडे तपासायला पाठवला तर चालेल का?

परवानगीशिवाय नाही. जैवविविधता कायदा, २००२ (२०२३ मध्ये दुरुस्त झालेला) सांगतो की आपल्याकडचं जैविक साधन परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला संशोधनासाठी द्यायचं, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी लागते. पान, बी, माती, मातीतली बुरशी, प्रयोगशाळेत वाढवलेलं तिचं कल्चर, हे सगळं त्यात आलं. सरकारने मान्य केलेल्या संयुक्त प्रकल्पांना वेगळी वाट आहे, पण तुमचा प्रकल्प त्या निकषात बसतो की नाही हे लेखी घ्या. शिवाय दोन्ही संस्थांमध्ये साहित्य हस्तांतरण करार हवा: किती नमुने, कशासाठी, उरलेल्याचं काय करणार, पेटंट निघालं तर कोणाचं.

आमचा सल्ला असा की शक्यतो नमुना पाठवू नका. पद्धत शिकून घ्या आणि तपासणी इथेच करा.

९. पण आमची केळी तर कंटेनर भरून परदेशात जातात. मग एका पानासाठी परवानगी कशाला?

खाण्यासाठी विकलेला माल आणि संशोधनासाठी दिलेला नमुना या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात नेहमी विकल्या जाणाऱ्या मालाला जी सूट आहे, ती माल म्हणून विकेपर्यंतच. त्याच फळातून जनुक काढून अभ्यास करायचा म्हटलं की हेतू बदलला आणि सूट संपली. बागायतदारांनाही हे सांगून ठेवा, कारण ओळखीच्या निर्यातदाराच्या पेटीतून नमुना पाठवायची सूचना हमखास येते.

१०. उलट, तिकडची रोग सहन करणारी जात आणून इथे लावून बघता येईल का?

सामानातून कंद आणायचा विचारही करू नका. युगांडात २००१ पासून केळीचा जिवाणूजन्य मर रोग आहे. त्यात फळं आतून कुजतात आणि खोडातून पिवळा चीक येतो. तो आपल्याकडे आला तर तापीकाठच्या बागांचं काय होईल याची कल्पनाही नको. संशोधनासाठी रोपं किंवा बियाणं मागवायचं, तर आयात परवाना दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती अनुवंश संसाधन ब्यूरोमार्फत मिळतो. माल विलगीकरणात तपासला जातो आणि मगच हातात पडतो. केळीच्या बाबतीत बेल्जियममधल्या लुवेन इथल्या आंतरराष्ट्रीय संग्रहात १,६०० पेक्षा जास्त वाण आहेत. तिथून ते काचेच्या नळीतल्या ऊतिसंवर्धित रोपांच्या रूपात दिले जातात. वेळ लागतो, पण खात्रीची वाट हीच.

११. सिकलसेलच्या रुग्णांचं रक्त किंवा डीएनए पाठवायचं असेल तर?

इथे जैवविविधता कायदा लागत नाही, नियम वेगळे आहेत. नोंदणीकृत नैतिकता समितीची मंजुरी हवी, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं पाळायची, आणि परदेशी भागीदार असेल तर परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जायचं. या सगळ्याला काही महिने लागतात. विद्यार्थ्याच्या पीएचडीचं वेळापत्रक त्याप्रमाणेच आखा.

वैज्ञानिक बाजूने एक गोष्ट महत्त्वाची आहे. आफ्रिकेत सिकलसेल जनुकाचे बेनिन, सेनेगल, बांटू आणि कॅमेरून असे चार मुख्य प्रकार सांगतात. आपल्याकडचा अरब-भारतीय प्रकार वेगळा. त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जन्मानंतरही जास्त प्रमाणात टिकतं, म्हणून आजार सौम्य असतो असं पुस्तकात वाचायला मिळतं. सातपुड्यातल्या डॉक्टरांना विचारा. तीव्र वेदनेने रात्रभर ओरडणारी मुलं त्यांनी पाहिली आहेत. पुस्तकातली सरासरी धरून इथल्या मुलाचा औषधोपचार ठरवू नये. दोन्हीकडचे रुग्ण एकाच पद्धतीने मोजायला हवेत, ते नेमकं यासाठी. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचं औषध आफ्रिकेतल्या मुलांना सुरक्षितपणे देता येतं, हे अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांतल्या अभ्यासाने २०१९ मध्ये दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी मात्रा कशी वाढवली, रक्ताची तपासणी किती दिवसांनी केली, हा अनुभव इथल्या उपजिल्हा रुग्णालयाला आज उपयोगी पडेल.

१२. पाड्यावर लोक विचारतात, "आम्हले काय फायदा?" काय सांगायचं?

खरं तेच सांगायचं. या रक्ताने तुमचं मूल बरं होणार नाही. निकाल तुम्हाला कळेल, तो गुप्त राहील, आणि आजार निघाला तर कोणत्या दवाखान्यात जायचं ते आम्ही सांगू. एवढं करता येत नसेल तर रक्त घेऊ नका.

संमतीपत्र मराठीत लिहिलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. धडगावच्या वरच्या पाड्यांवर पावरी बोलतात, नवापूरकडे मावची, खाली अहिराणी. मराठी फॉर्मवर अंगठा घेणं ही संमती नव्हे. समजावणारी व्यक्ती त्याच बोलीची हवी आणि ती आमच्या पगारावर नसलेली असेल तर आणखी चांगलं. आशाताईंना या कामात घ्यायचं असेल तर त्यांच्या वेळेचा मोबदला प्रस्तावातच धरा. मुलीचा निकाल वाहक असा आला की लग्नाची बोलणी मोडतात, हे आम्ही पाहिलं आहे. म्हणून निकाल चार लोकांत सांगायचा नाही, ग्रामसभेत तर कधीच नाही. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे त्या घराला पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागतं. युगांडातल्या सहकाऱ्यांनाही तिकडे हेच भोगावं लागतं. पहिल्या बैठकीत आकडे बाजूला ठेवून याच विषयावर बोललात, तर एकमेकांवर लवकर विश्वास बसेल.

१३. आम्हाला तिकडे जाऊन माहिती गोळा करायची आहे. तिकडच्या काय परवानग्या लागतात?

तिकडच्याही लागतात, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. युगांडात आधी तिथल्या नैतिकता समितीची मंजुरी आणि मग राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेची नोंदणी. केनियात नाकोस्तीचा परवाना, टांझानियात कॉस्टेकचा; या दोन्ही तिथल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी संस्था. पर्यटक व्हिसावर जाऊन गावात प्रश्नावली भरून घेणं हा गुन्हा ठरू शकतो आणि तिथला तुमचा भागीदारही अडचणीत येतो.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी अधिकृत केंद्रात घ्या आणि पिवळं कार्ड जपा. ते आता आयुष्यभर चालतं. युगांडा किंवा केनियाहून परतताना कार्ड नसेल, तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.

१४. लेखात नाव कोणाचं आधी येणार? माहितीवर हक्क कोणाचा?

हे पहिल्याच महिन्यात लिहून ठेवा. आम्ही हे पोळून शिकलो आहोत. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्यातल्या काही जणांनी दोन हिवाळे पाड्यापाड्यांवर फिरून नोंदी गोळा केल्या, स्वच्छ टाइप केल्या आणि परदेशातल्या एका मोठ्या संस्थेला पाठवल्या. लेख छापून आला तेव्हा आमचं गाव, आमचा जिल्हा आणि आमचे आकडे त्यात होते, पण लेखकांत आमच्यापैकी एकही नाव नव्हतं. शेवटी आभाराची एक ओळ होती. लेखी काहीच नव्हतं, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. त्या नोंदी ज्या मुलाने घेतल्या, त्याने पुढे संशोधन सोडून दिलं. त्याची रुखरुख अजून जात नाही.

म्हणून करारात निदान चार गोष्टी असू द्या: लेखक ठरवण्याचा निकष, मूळ नोंदींची एक पूर्ण प्रत आपल्याकडे, आपल्याला न विचारता तिसऱ्याला माहिती न देणं, आणि प्रत्येक लेखाचा मसुदा पाठवण्याआधी दाखवणं. आफ्रिकेतल्या विद्यापीठांनीही हे दुखणं अनेक दशकं सोसलं आहे. समन्यायी सहकार्यासाठीची आफ्रिका सनद २०२३ मध्ये त्यातूनच आली. तुम्ही हे मुद्दे मांडलेत तर ते नाराज होणार नाहीत. आणि आपणही त्यांच्या नोंदींशी तसंच वागायचं.

१५. आमचा विषय इतिहास किंवा मराठी आहे. आम्हाला यात जागा आहे का?

भरपूर. दख्खनच्या इतिहासातला मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा, १६२६ मध्ये वारला. त्याच्यावर तिकडच्या इतिहासकारांबरोबर बसून काम व्हायला हवं. ब्रिटिश काळात युगांडाचा कापूस मुंबईच्या गिरण्यांपर्यंत येत होता आणि तिथलं जिनिंग बरंचसं भारतीय व्यापाऱ्यांच्या हातात होतं. त्याच गिरण्यांना खानदेशचा कापूसही जात होता. या दोन कापसांच्या बाजारभावाचा एकत्र अभ्यास कोणी करेल तर फार छान होईल. भाषेच्या लोकांसाठी पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली भाषा आहे, आणि मौखिक परंपरेचं दस्तऐवजीकरण आहे. अहिराणी ओव्या आणि तिकडची जात्यावरची, उखळावरची गाणी एकत्र ऐकण्याचा आनंद वेगळाच असेल. या कामाला नमुन्यांच्या परवानग्या लागत नाहीत, पण गाणाऱ्या बाईची संमती आणि तिचं नाव हवंच.

१६. बैठका कोणत्या वेळी घ्यायच्या? इंग्रजी कच्चं असेल तर?

पूर्व आफ्रिका आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. आपले दुपारचे दोन म्हणजे तिकडचे साडेअकरा, सगळ्यांच्या सोयीचे. इंग्रजी त्यांचीही दुसरी-तिसरी भाषाच आहे, तेव्हा लाजायचं कारण नाही. ठरलेलं बैठकीनंतर त्याच दिवशी चार ओळींत लिहून पाठवत जा.

१७. यातून संयुक्त पदवी देता येईल का?

संशोधन भागीदारी आणि पदवी या वेगळ्या गोष्टी आहेत. संयुक्त, दुहेरी किंवा ट्विनिंग (काही भाग परदेशी संस्थेत शिकून मिळणाऱ्या) पदवीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम लागतात. भारतीय संस्थेला नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या पहिल्या शंभरात जागा हवी, आणि परदेशी संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारांत हवी. आफ्रिकेतली कितीतरी चांगली कृषी विद्यापीठं या शेवटच्या अटीमुळे बाहेर राहतात. त्यांच्याबरोबर एकत्र संशोधन करायला मात्र या क्रमवारीची अट आड येत नाही.

१८. युरोपातल्या एका विद्यापीठाकडे पैसा आहे आणि त्यांना आम्ही व युगांडा दोघेही हवे आहोत. जावं का?

जा, पण आधी युगांडावाल्यांशी स्वतंत्र बोलून घ्या. तिघांच्या प्रकल्पात दोन "नमुने पुरवणारे" आणि एक "विचार करणारा" अशी विभागणी चटकन होते. संशोधनाचा प्रश्न तुम्ही दोघांनी मिळून लिहिला असेल आणि विश्लेषणाचा निदान एक भाग जळगावात किंवा कंपालात होणार असेल, तर तो प्रकल्प तुमचाही आहे. नमुने आणि नावांच्या अटींसाठी प्रश्न ८, ११ आणि १४ पाहा. पैसा कोणाच्या खात्यात येणार, यासाठी प्रश्न ७.

१९. प्रकल्प संपला, भागीदार निवृत्त झाले, पण आमचे नमुने त्यांच्या फ्रीजरमध्ये आहेत. आता काय?

हस्तांतरण करारात मुदत असेल तर त्या तारखेचा हवाला देऊन संस्थेच्या प्रमुखांना लिहा. निवृत्त झालेल्या प्राध्यापकांना लिहून उपयोग नाही, कारण करार संस्थेशी आहे. नमुने परत करा किंवा नष्ट करून तसा दाखला द्या, असं मागता येतं. माणसाचं रक्त असेल तर संमती ज्या अभ्यासासाठी घेतली होती त्याच अभ्यासापुरती आहे. नव्या कामासाठी ते वापरायचं तर इथल्या नैतिकता समितीकडे पुन्हा यावं लागतं आणि बहुतेक वेळा पाड्यावरही पुन्हा जावं लागतं. करारच नसेल तर मंजुरी देणाऱ्या मूळ समितीला लेखी कळवा आणि पोच घेऊन ठेवा. नमुना पाठवल्याची पावती, तारीख आणि नळ्यांची संख्या विभागाच्या नोंदवहीत असेल तरच पुढचं काही करता येईल. ती वही आजच उघडून बघा.